कापलेली गाठ बादलीत जाता कामा नये

आपल्या जित्यात गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करणारी एक भगिनी मध्यंतरी कागद घेऊन माझ्याकडे आली. नाकाशेजारी हरभऱ्याएवढी न दुखणारी गाठ होती, ती काढून तपासणीला पाठवली होती. रिपोर्टात नाव 'कॉन्ड्रॉइड सिरिंगोमा'. खाली लिहिलेलं : गाठीत कूर्चा आढळली, काही पेशींची केंद्रकं मोठी व वेडीवाकडी. दीर म्हणाला, कॅन्सरच! बाईने तीन दिवस धड अन्न घेतलं नव्हतं. शेवटच्या ओळीत 'बिनाइन', म्हणजे साधी गाठ, असं छापलं होतं. ती ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती.

ही घामाच्या ग्रंथीची गाठ. हिर्श आणि हेलविग या डॉक्टरांनी 1961 साली तिला हे नाव दिलं. बहुधा चेहऱ्यावर येते. तिच्यात ग्रंथीच्या नळ्यांबरोबर नाकाच्या शेंड्यात असते तशी कूर्चा तयार होते. कधी चरबी, क्वचित हाडसुद्धा! चमत्कारिक वाटतं, पण तेच तिचं लक्षण. काही केंद्रकं मोठी दिसली म्हणून लगेच कॅन्सर ठरत नाही. पेशी झपाट्याने विभागताहेत का, गाठ आजूबाजूला घुसली आहे का, हे सगळं मिळून पॅथॉलॉजिस्ट ठरवतो. तिचा कॅन्सरचा प्रकार फार दुर्मीळ, पण असतो. म्हणून तर तपासायचं.

आता माझीच चूक सांगते. नर्स होते तेव्हा एका खाजगी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "चरबीची आहे, टाका." मी टाकली. काही महिन्यांनी तो माणूस त्याच जागी वाढलेली गाठ घेऊन परत आला. पहिली काय होती, हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. त्याने मला काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

तपासणीचे पैसे वाचवले असं आपल्याच माणसांना सांगितलं जातं. गरिबाची गाठ न तपासताच साधी कशी ठरते? कापण्याआधी विचारा : तपासणीला पाठवणार ना? गाठ 10 टक्के फॉर्मलिनमध्ये हवी, गाठीच्या किमान दहापट. मिठाच्या पाण्यात नको. नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नव्हे, झाकणं बदलतात. शक्य असेल तर गाठ पूर्ण जाऊ द्या. वरवरचा तुकडा पाठवला तर साधा सिरिंगोमा आणि त्याच्यासारखा दिसणारा कॅन्सर यांत गफलत होऊ शकते. शंका राहिली तर काचपट्टी आणि मेणाचा ब्लॉक मागून दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतो.

ती भगिनी पुन्हा कामावर जाते. रिपोर्ट तिने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला आहे.