चकती कोणाच्या बाजूची?

क्रिकेटमध्ये नाणेफेक हरलेला कर्णधार नशिबाला दोष देतो आणि घरी बसलेले आपण खेळपट्टीला. पण तोच सामना टीव्हीच्या पडद्यावर, हातात कंट्रोलर घेऊन हरलेला मुलगा नशिबाचे नाव घेत नाही. तो म्हणतो, ‘हे मशीन चीटिंग करतंय!’ मी गेली काही वर्षे कॅनडात, टोरोंटोजवळ राहतो. इथे हे वाक्य कानावर येते ते आइस हॉकीच्या व्हिडिओ गेमबद्दल. शाळकरी मुले म्हणतात, नोकरी करणारे बाप्येही म्हणतात. मुलांची कुरकुर म्हणून मी ते बरेच दिवस ऐकत आलो आहे. पण त्या कुरकुरीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे असे माझे मत झाले आहे. खेळ हुबेहूब खऱ्यासारखा असावा, अशी मागणी करणाऱ्यांना नेमके काय हवे असते?

आधी खेळाची थोडी ओळख. आपल्याकडे लडाखमध्ये गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ खेळला जातो, पण मराठी घरात त्याची फारशी ओळख असण्याचे कारण नाही. उत्तर अमेरिकेतील रिंगण २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह सहा जण. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, म्हणजे पक. ती एक इंच जाड, तीन इंच व्यासाची, आणि उसळू नये म्हणून गोठवून आणलेली. गोलची चौकट सहा फूट बाय चार फूट, आणि तिच्यापुढे गाद्यागिरद्या बांधल्यासारखा दिसणारा गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे. दमछाक इतकी की खेळाडू पाऊण मिनिट खेळून बाकावर येतात आणि दुसरे उडी मारून आत जातात. त्यासाठी खेळ थांबतही नाही.

या देशात आलेल्या माणसाला हा खेळ कळला नाही, तर सोमवारी कचेरीत चहाच्या वेळी तो मुका होतो. मुलांना प्रत्यक्ष खेळवायचे तर स्केट्स, शिरस्त्राण, पॅड, स्टिका, रिंकचे भाडे आणि पहाटे गाडी काढणारा बाप, इतके सगळे लागते. म्हणून बाहेरून आलेल्या पुष्कळ घरांत आइस हॉकीने पहिला प्रवेश केला तो टीव्हीच्या पडद्यावरून. ऑफसाइड मला कोणत्या पुस्तकातून समजली नाही. माझ्या भाच्याने पडद्याकडे बोट दाखवून सांगितले, ‘मामा, आधी पक आत गेला पाहिजे, मग तू.’ नऊ वर्षांच्या मुलाने एका वाक्यात जो नियम सांगितला, तो सांगायला टीव्हीवरच्या समालोचकाला चार वाक्ये लागतात. तेव्हा या खेळण्यांना मी पोरखेळ म्हणून उडवून लावणार नाही.

त्यांची सुरुवात मात्र खरोखर पोरखेळानेच झाली. १९८८ साली निन्टेन्डोचा ‘आइस हॉकी’ आला. त्यात खेळाडू तीनच प्रकारचे: काटकुळा, मध्यम आणि लठ्ठ. काटकुळा वेगवान पण धक्का लागला की आडवा. लठ्ठ मंद, पण त्याचा फटका जबरदस्त. गोलरक्षक सोडून चारच जण मैदानात. कोनामी कंपनीच्या ‘ब्लेड्स ऑफ स्टील’मध्ये मारामारी व्हायची आणि जो मार खाईल त्यालाच पंच शिक्षा म्हणून बाहेर बसवीत. (आपल्याकडच्या काही चावड्यांवरही हाच न्याय चालतो म्हणा!) यात खरे काहीच नव्हते, आणि तरीही कोणाची तक्रार नव्हती.

१९९१ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीने सेगाच्या यंत्रासाठी ‘एनएचएल हॉकी’ काढला आणि चित्र पालटले. १९९३ मध्ये आलेला ‘एनएचएल ९४’ तर आजही या खेळातला मानदंड मानला जातो. खरे संघ, खऱ्या खेळाडूंची नावे, त्या त्या संघाच्या घरच्या मैदानावर वाजणारे ऑर्गनचे सूरसुद्धा. आलेला पास न थांबवता थेट गोलवर मारायचा ‘वन-टायमर’ त्यात पहिल्यांदा आला. मारामारी काढून टाकण्यात आली. पण हुबेहूब? छे! शिकागोचा जेरेमी रोनिक त्या गेममध्ये असा काही अजिंक्य झाला होता की तसा तो प्रत्यक्षात कधी असणे शक्यच नव्हते. गोलसमोरून आडवे सरकत शेवटच्या क्षणी पक दुसऱ्या बाजूने सारला, तर गोलरक्षक हमखास फसे. सर्वांना हे ठाऊक होते, म्हणून सर्वजण त्या जागेचा बचाव करायला शिकले. तो खेळ खोटा होता. पण त्याचा खोटेपणा दोन्ही बाजूंना सारखाच माहीत होता.

पुढे तंत्र वाढले तशी भूक वाढली. २००६ साली आलेल्या ‘एनएचएल ०७’मध्ये कंट्रोलरच्या उजव्या दांड्याने प्रत्यक्ष स्टिक हलवता येऊ लागली, बटण दाबून फटका मारण्याऐवजी हात मागे घेऊन पुढे आणायचा. ही झेप खरोखर मोठी होती, तिचे श्रेय दिलेच पाहिजे. मात्र २०१४ च्या ‘एनएचएल १५’मध्ये बर्फ, प्रेक्षक, अंगावरचे कपडे सगळे डोळ्यांचे पारणे फेडणारे, आणि मित्रांनी मिळून संघ करून खेळायची जुनी सोय मात्र गायब! लोक संतापले. पुढच्या वर्षी ती सोय परत आली. दिसण्यातला खरेपणा आणि खेळण्यातला खरेपणा यांची अशी गल्लत या धंद्यात वरचेवर होते.

खेळण्यातला खरेपणाही वाटतो तितका सरळ नाही. साधा हिशेब करून पाहा. खऱ्या सामन्यात साठ मिनिटांत एका संघाचे साधारण तीस फटके गोलवर जातात आणि दोन्ही बाजूंचे मिळून सहाच्या आसपास गोल होतात. घरी बसून साठ मिनिटांचा सामना कोण खेळतो? पाच-पाच मिनिटांची सत्रे धरली तर एकूण पंधरा मिनिटे. मूळ प्रमाण राखले तर एका संघाचे सात-आठ फटके आणि दोघांचे मिळून दीड गोल! असे खेळणे कोणी विकत घेईल काय? मग वेग वाढवावा लागतो, बचाव सैल करावा लागतो, गोलरक्षकाला थोडे आंधळे करावे लागते. म्हणजे धावफलक खरा दिसण्यासाठी खेळ खोटा करावा लागतो.

सगळ्यात जास्त शिव्या बसतात त्या या गोलरक्षकाला. बहुतेक वेळा त्याला यंत्र चालवते, आपण नाही. वीस मिनिटे जिवापाड बचाव करावा आणि कोपऱ्यातून आलेला एक पुचाट फटका त्याच्या पायातून निघून जावा! ज्याच्यावर माझा ताबा नाही त्याच्या चुकीने मी हरायचे, हे कोणाला रुचेल? पण खरा गोलरक्षकही दहा फटक्यांतला एखादा सोडतोच, आणि तो पुष्कळदा सर्वांत सोपा असतो.

इथे मला ३० एप्रिल १९८६ आठवतो. एडमंटन आणि कॅल्गरी यांच्यातला सातवा, निर्णायक सामना, बरोबरी झालेली. एडमंटनचा तरुण बचावपटू स्टीव्ह स्मिथ याने आपल्याच गोलमागून पास दिला, तो आपल्याच गोलरक्षकाच्या पायाला लागला आणि आत गेला. कॅल्गरी जिंकली, गतविजेते एडमंटन बाहेर. त्या दिवशी स्मिथचा तेविसावा वाढदिवस होता. ४ जानेवारी २००७ रोजी तर कहरच झाला. डॅलसचा पॅट्रिक श्टेफान रिकाम्या गोलसमोर एकटा. पक उसळला, स्टिकवरून निसटला, श्टेफान पडला, आणि एडमंटनने तसेच उलट धावत जाऊन शेवटचे दोन सेकंद उरले असताना बरोबरी साधली. (शेवटी शूटआउटमध्ये डॅलस जिंकले, हे त्याचे नशीब.)

हाच प्रसंग एखाद्या व्हिडिओ गेममध्ये घडला असता तर? कंट्रोलर भिंतीवर आपटले असते. ‘ठरवून केलंय’ म्हणून ओरडा झाला असता. बर्फ कुणाचा पक्ष घेत नाही यावर आपला विश्वास असतो. यंत्रात मात्र प्रत्येक उसळी कोणीतरी लिहिलेल्या नियमातून येते, मग तो लिहिणारा माझ्या विरुद्ध तर नाही? ही शंका अगदीच वेडगळ नाही. खेळणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे अवघडपणा आपोआप बदलण्याच्या युक्तीचे पेटंट इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे आहे. ती युक्ती फुटबॉल आणि हॉकीच्या गेममध्ये गुपचूप वापरली जाते, असा दावा २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दाखल झाला. कंपनीने तो साफ नाकारला. तांत्रिक माहिती दिल्यावर २०२१ मध्ये दावा मागे घेण्यात आला. शंका मात्र गेली नाही, आणि जाईल कशी? खेळाडूंच्या पत्त्यांची बंद पाकिटे पैसे घेऊन विकली जातात. पाकिटात काय निघेल ते नशिबावर. जिथे माझ्या हरण्यातून कुणाचा गल्ला भरू शकतो, तिथे उसळलेल्या पककडे मी निर्मळ मनाने कसा पाहणार? आईबापांनी या पाकिटांकडे लक्ष ठेवावे, एवढे जाता जाता सांगतो.

माझे म्हणणे असे, की खेळणाऱ्यांना वास्तव नको असते; त्यांना कारण हवे असते. २०२० साली कंपनीने ‘एनएचएल ९४’ नव्या खेळाडूंची नावे घालून पुन्हा काढला, तो काही तिथले वास्तव लोकांना हवे होते म्हणून नव्हे. म्हणून दर वर्षी वेष्टणावर ‘आता अधिकच खरा’ असे छापण्याऐवजी निर्मात्यांनी एक साधी गोष्ट करावी. गोल झाल्यावर पुनर्दर्शन दाखवतातच. त्याखाली एक ओळ द्यावी. गोलरक्षकासमोर तुमचाच खेळाडू उभा होता. तो दमला होता, तुम्ही दीड मिनिट त्याला बदलले नाही. पक स्केटला लागून वळला. तिसऱ्या कारणावर चडफडाट होईलच, पण पहिली दोन वाचून माझा भाचा निमूटपणे पुढचा डाव सुरू करील, हे मी त्याचा मामा म्हणून खात्रीने सांगतो.