धबधब्याची वाट आणि परतीची वेळ

मे महिना उजाडला की ब्रिटनमध्ये स्थिरावलेल्या मुलामुलींकडे जाणाऱ्या मराठी आईवडिलांची वर्दळ सुरू होते. लंडन पाहून होते, मग एखाद्या शनिवारी वेल्सचा बेत ठरतो. कार्डिफहून गाडीने साधारण तासाभराच्या अंतरावर, ब्रेकन बीकन्सच्या डोंगररांगेत, चार धबधबे एकाच पायवाटेने पाहता येतात. मुलगा सांगतो, ‘आठच किलोमीटर आहे, बाबा. तुम्ही रोज फिरताच की!’ बाबा बासष्टीचे, रक्तदाबाची गोळी घेणारे. आईचा गुडघा जिना उतरताना दुखतो. नात सात वर्षांची. चर्चा रंगते ती डब्यात थालीपीठ न्यायचे की पराठे, यावर. वाट किती चढते, पाऊस आला तर काय, किती वाजता मागे फिरायचे, हे प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही.

ते विचारायला हवेत, कारण तिथे दुसरे कोणी ते विचारणार नाही. वेल्सच्या या दऱ्यांमध्ये शिट्टी फुंकणारा पोलीस नसतो, प्रत्येक कड्याला कठडा नसतो. वाट सुरू होते तिथे सूचनाफलक असतो. वाट किती लांबीची, किती अवघड, धोका कुठे, हे त्यावर लिहिलेले असते. पुढचा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा, हे तिथे गृहीत धरलेले आहे. आपल्याकडच्या माणसाला मात्र कोणीतरी अडवण्याची सवय असते. त्यामुळे अडवणारे कोणी दिसले नाही की धोकाही नाही, असा अर्थ नकळत काढला जातो. परदेशातील सहलीत हीच समजूत सर्वांत महाग पडू शकते.

ब्रेकन बीकन्सला १९५७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०२३ पासून उद्यानाने ‘बान्नाय ब्रुखेइन्योग’ हे मूळचे वेल्श नावच वापरायचे ठरवले. नकाशात दोन्ही नावे दिसली तर गोंधळू नये. उस्त्रादवेल्टे या खेड्याच्या दक्षिणेला मेल्टे आणि हेप्स्टे या नद्यांवर हे चार धबधबे आहेत. स्गूद क्लीन-ग्विन, त्याच्या खालचा स्गूद ईसाव्ह क्लीन-ग्विन आणि स्गूद अ पान्नूर हे तीन मेल्टेवर. चौथा, सर्वांत लाडका, स्गूद अर एयरा हेप्स्टेवर. वेल्श भाषेत ‘स्गूद’ म्हणजे धबधबा आणि ‘एयरा’ म्हणजे बर्फ. या हिमधवल धबधब्याच्या पडद्यामागून चालत पलीकडे जाता येते, म्हणून सगळ्यांची पावले तिकडे वळतात.

ही मागची वाट तयार झाली ती खडकांमुळे. वर कठीण वालुकाश्माचा थर आणि खाली मऊ, पानापानांनी सुटणारा शेल. पाणी खालचा मऊ थर आत आत पोखरते आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो. त्या छज्जाखालून माणसे चालतात. पण पोखरण्याचे हे काम आजही थांबलेले नाही. छज्जाचा एखादा तुकडा कधीतरी सुटणारच. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी त्या वाटेविषयीच्या ताज्या सूचना पाहणे आणि वाट बंद असेल तर दोरी ओलांडून न जाणे, ही बेताची पहिली अट. त्या परिसरातील पोर्थ अर ओगोव्ह या गुहेत मेल्टे नदी जमिनीखाली शिरते आणि काही अंतरावर एका डोहातून बाहेर येते. वरून शांत दिसणाऱ्या त्या डोहाने अनेक बळी घेतले आहेत.

आता वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला आडाखा आजही वापरात आहे: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. आठ किलोमीटरला साधारण ९५ मिनिटे होतात. दिवसभरातला एकूण चढ ३०० मीटर धरला तर आणखी अर्धा तास. म्हणजे दोन तास आणि थोडे. पण हा हिशोब धडधाकट, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. त्यात फोटो, जेवण, ओला खडक, दुखणारा गुडघा आणि सात वर्षांची नात धरली तर चार तास सहज लागतात. इथली पठारावरची वाट तशी बरी. पण प्रत्येक धबधब्याकडे उतरणाऱ्या वाटा खड्या आणि खडकाळ आहेत. जितके उतरायचे तितकेच पुन्हा चढायचे, तेही थकल्यावर. बागेतल्या सपाट फेऱ्यांची सवय इथे अपुरी पडते.

त्यामुळे बेतातला सर्वांत महत्त्वाचा आकडा किलोमीटरचा नसून परतीच्या वेळेचा असतो. ‘अकराला निघायचे आणि दीड वाजेपर्यंत तिसरा धबधबा गाठला नाही, तर चौथा सोडून परतायचे,’ असे घरीच, सर्वांसमोर ठरवावे. सोडावा लागेल तो नेमका सर्वांत सुंदर धबधबा असेल, हे खरे. म्हणूनच तो निर्णय तिथे, पाण्याचा आवाज कानावर येत असताना घ्यायचा नसतो. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये चारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच वाटेचा हिवाळ्यातला बेत वेगळा असायला हवा.

चालण्याचा वेग ठरवावा तो गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याने. चढावर चालताना वाक्य पूर्ण बोलता येत असेल तर श्रम झेपत आहेत. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर थांबावे. मनगटावरच्या घड्याळातील नाडीच्या ठोक्यांवर सर्वांनी विसंबू नये. बीटा ब्लॉकर गटातील गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रम वाढले तरी फारशी वाढत नाही. साखर कमी झाल्याची थरथर आणि धडधडही या गोळ्यांमुळे झाकली जाते. इन्सुलिन किंवा साखर खूप खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे, स्वतःच्या मनाने बदल करू नये आणि खिशात ग्लुकोज ठेवावे. ते डब्याच्या पिशवीत नको, स्वतःच्याच खिशात हवे. थंड हवेत चढ चढताना छातीत दाब वाटला, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून पुढे चालू नये. तिथेच बसावे आणि मदत बोलवावी.

गुडघ्याची परीक्षा चढापेक्षा उतारावर होते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचे वजन तोलतात. सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. विमानात बसण्याआधी पाच-सहा आठवडे इमारतीचे जिने रोज चढा-उतरावेत, शेवटी थोडे वजन पाठीवर घेऊन. चालण्याच्या दोन काठ्या म्हणजे म्हातारपणाची खूण नव्हे. उतारावर त्या गुडघ्यावरचा भार कमी करतात.

मराठी पर्यटकाला सर्वाधिक चकवतो तो पाऊस. वेल्सच्या उत्तरेकडील एरिरी अर्थात स्नोडोनियाच्या माथ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या तोडीचा. पण सह्याद्रीतल्या जुलैच्या पावसात भिजून भजी खाणे वेगळे आणि दहा अंश तापमानात, वाऱ्यात भिजणे वेगळे. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीराची उष्णता ओढून घेते. ओली जीन्स आणि सुती शर्ट ही उष्णता जाऊ देतात. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली उतरले की हायपोथर्मिया सुरू होतो आणि तो बर्फातच होतो असे नाही. माणूस अडखळतो, जीभ जड होते, बटण लावता येत नाही, उगाच चिडचिड करतो. ज्याला होतो त्याला ते कळत नाही, म्हणून सोबत्यांनी ओळखायचे असते. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा आतला कपडा, त्यावर उबदार थर, वर पाणी न शिरणारे जाकीट, प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरडा जोड आणि थर्मासमध्ये गरम चहा: सामान इतकेच, पण ते गाडीत न राहता पाठीवर असावे.

पाण्यात उतरण्याबद्दल स्पष्ट बोलायला हवे. डोंगरातून येणारे हे पाणी उन्हाळ्यातही थंडगार असते. १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक पडले की पहिला श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो. तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. मग श्वास धापा टाकत चालतो, रक्तदाब उसळतो. हृदयविकार असणाऱ्याला हे क्षण जीवघेणे ठरू शकतात. पट्टीचे पोहणारेही यात बुडतात. चुकून पडलेच तर लगेच हातपाय मारू नयेत. ब्रिटनची जीवरक्षक नौका संस्था, आरएनएलआय, हेच शिकवते: डोके मागे, कान पाण्यात, तोंड वर आणि तरंगत राहा. एक-दोन मिनिटांत श्वास ताब्यात येतो, मग पोहा किंवा हाक मारा. धबधब्याच्या माथ्यावर तर जाऊच नये. शेवाळलेल्या खडकावर चांगला बूटही घसरतो.

एक छोटा शत्रू गवतात असतो: गोचीड. तिथल्या काही गोचिडांमधून लाइम रोगाचे जीवाणू येतात. परतल्यावर गुडघ्यामागे, जांघेत, काखेत, मुलांच्या केसांत पाहावे. गोचीड दिसलीच तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी. तेल किंवा काडेपेटी वापरू नये. एक ते चार आठवड्यांत, क्वचित त्याहून उशिरा, चट्टा उठून पसरू लागला तर प्रतिजैविकाने उपचार होतो. तोवर आईबाबा पुण्यात परतलेले असतात आणि इथल्या डॉक्टरच्या डोक्यात लाइम येत नाही. ‘आम्ही वेल्सच्या जंगलात फिरलो होतो,’ हे आपणहून सांगायचे.

दऱ्यांमध्ये मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी नसते. नकाशा आधी फोनमध्ये उतरवून घ्यावा, कागदाचाही ठेवावा आणि कुठे जातो, किती वाजता परतू, हे घरी कोणाला तरी सांगावे. अपघात झाला तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागावे. येणारे लोक स्वयंसेवक असतात. ते पैसे घेत नाहीत. शिट्टी असेल तर मिनिटात सहा फुंका, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. रुग्णालयात मात्र तातडीच्या विभागातून पुढे दाखल व्हावे लागले तर परदेशी पाहुण्याला बिल येते. म्हणून प्रवास विम्यात जुने आजार लपवू नयेत.

हे सगळे वाचून बेत रद्द करण्याचे कारण नाही. साठीनंतर चालणे हे औषधच आहे आणि नातवंडांबरोबर चालणे त्याहून गुणकारी. आठ किलोमीटर झेपणार नसतील तर वेल्समध्ये पर्याय आहेत. पोव्हिसमधील पिस्टिल ऱ्हायाडर हा ७३ मीटरचा धबधबा वाहनतळापासून काही मिनिटांवर दिसतो. बेतूस-अ-कोएड गावाजवळचा स्वॅलो फॉल्स हमरस्त्यालगतच आहे. आजीआजोबांनी तो पाहावा, तरुणांनी दुसऱ्या दिवशी उस्त्रादवेल्टे गाठावे. यात कमीपणा नाही.

लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि त्यानंतर पुणे जिल्ह्यात प्रतिबंधात्मक आदेश निघाले. बंदी काही दिवस गर्दी रोखते. पाण्याचा वेग वाचायला, वेळ ठरवायला, मागे फिरायला ती शिकवत नाही. आपल्या धबधब्यांपाशीही अंतर, अवघडपणा आणि धोके सांगणारे मराठी फलक हवेत आणि शाळेच्या सहलीत मुलांनी परतीची वेळ स्वतः ठरवायला हवी. वेल्सहून आणण्यासारखी ही खरी भेट आहे. फाटकावर रखवालदार नसला, तरी आपल्या हृदयाचा, गुडघ्याचा आणि सोबतच्या लहानग्यांचा रखवालदार आपणच असतो.