वजन उचलणे परके नाही, पोरखेळही नाही

स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडणाऱ्या भारामुळे. सवयीपेक्षा जास्त भार आला की तो पेलण्यासाठी स्नायूतले तंतू जाड होतात. त्याआधी, पहिल्या काही आठवड्यांत, मज्जासंस्था जास्त तंतूंना एकदम कामाला जुंपायला शिकते. म्हणून नवशिक्याचा दंड टेपवर तेवढाच भरतो, पण जोर वाढलेला असतो. भार अंगवळणी पडला की वाढ थांबते आणि तो पुन्हा थोडा वाढवावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी रुग्णालयात थॉमस डिलॉर्म या डॉक्टरने जखमी सैनिकांचे अशक्त झालेले पाय याच पद्धतीने पुन्हा उभे केले. क्रमाने वाढणाऱ्या भाराला वैद्यकात स्थान मिळाले ते असे, दुबळ्या माणसाच्या उपचारासाठी.

याविरुद्ध एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. वजने उचलणे हे पाश्चात्त्यांचे खूळ. आपल्या मातीतला व्यायाम म्हणजे जोर, बैठका आणि सूर्यनमस्कार. वजनाने अंग आखडते, कोवळ्या मुलांची उंची खुंटते, बायका पुरुषी दिसू लागतात, सोडले की सगळ्याची चरबी होते. चाळिशी उलटली की फक्त चालावे. असे सांगणारे बहुधा आखाड्याच्या परंपरेचे अभिमानी असतात, आणि म्हणूनच त्या परंपरेविषयीचे त्यांचे अज्ञान जास्त खटकते.

कोणत्याही जुन्या तालमीत शिरावे आणि भिंतीकडेला काय ठेवले आहे ते पाहावे. लाकडी मुद्गल आणि करेला असतात, लहानापासून पुरुषभर उंचीपर्यंत, कारण हलका पेलला की जड घ्यायचा ही तिथली रीतच आहे. नाल असतो: आतून पोकळ केलेला आणि पोकळीत मूठ बसवलेला दगड, एका हाताने खांद्यावर आणि खांद्यावरून डोक्यावर न्यायचा. गळ्यात घालायचे दगडी कडे असते. हे कडे अडकवून मल्ल बैठका मारत. नुसत्या शरीराच्या भाराची बैठक पायांना अपुरी पडू लागली, तेव्हा त्यांनी मानेवर दगड चढवला. आजचा मुलगा खांद्यावर बार घेऊन स्क्वॉट मारतो तो याहून वेगळे काय करतो? त्याच्या भारावर आकडा छापलेला असतो, एवढेच.

परंपरा तालमीच्याही मागे जाते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत भारश्रम हा एक आहे. पुढे १९व्या शतकात इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी इथले मुद्गल पाहिले, उचलले आणि मायदेशी नेले. तिथून ते युरोप-अमेरिकेच्या व्यायामशाळांत पसरले आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली. ज्या साधनाने इथून तिकडे प्रवास केला, त्याच्याच जातीचे साधन तिकडून परत आले की ते विलायती ठरवायचे, हा स्वदेशीचा अभिमान नव्हे. स्वदेशाची माहिती नसणे होय.

देशी-विदेशी व्यायामाचा हा तंटा महाराष्ट्रात नवा नाही. डबलबार आणि सिंगलबार बाहेरून आले, मल्लखांबाच्या शेजारी रोवले गेले आणि आज कोणत्याही गावच्या व्यायामशाळेत घरचेच मानले जातात. मल्लखांब त्यामुळे उखडला गेला नाही. सांगली तर कुस्तीचा जिल्हा. तिथल्या पानटपरीवाल्याच्या मुलाने, संकेत सरगरने, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ असे २४८ किलो उचलले. कोपराला दुखापत झालेली असताना त्याचे सुवर्णपदक अवघ्या १ किलोने हुकले. त्याला परका म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

आता जोर-बैठकांकडे. त्या उत्तम व्यायाम आहेत, यात वाद नाही. साध्या दंडात हातांवर शरीराच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भार येतो, आणि ज्याला पाच दंड निघत नाहीत त्याच्यासाठी तो भारी व्यायामच आहे. अडचण पुढे येते. पाचाचे पन्नास झाले, पन्नासाचे दोनशे झाले. संख्या वाढली, भार तेवढाच राहिला. दोनशे बैठका मारणाऱ्याचा दम वाढतो, चिकाटी वाढते, मांड्याही काही प्रमाणात भरतात. पण एका झटक्यात जास्तीत जास्त भार उचलण्याची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही, कारण ती त्याच्याकडे कधी मागितलीच गेलेली नसते. कुस्तीत समोरच्याला उचलून टाकताना हीच ताकद लागते. सूर्यनमस्कारात तर ओढण्याची क्रिया नाहीच, त्यामुळे पाठीचा वरचा भाग आणि मनगटाची पकड मागे राहते.

बाकीच्या आक्षेपांना फार जागा देण्याचे कारण नाही. अंग आखडते ते अर्धवट हालचालींनी. वजन पूर्ण खाली-वर नेले तर सांधे मोकळेच राहतात. ऑलिम्पिक पद्धतीने वजन उचलणारा डोक्यावर बार घेऊन टाचा न उचलता पूर्ण उकिडवा बसतो, तेवढे आक्षेपकांनी रिकाम्या हातांनी बसून पाहावे. ठेंगणे लोक या खेळात दिसतात, कारण हातपाय आखूड असले की भार कमी अंतर न्यावा लागतो. खेळ त्यांना निवडतो, ठेंगणे करत नाही. नीट देखरेखीखाली मुलांनी वजने उचलावीत, याला बालरोगतज्ज्ञांचा विरोध नाही. स्नायू आणि चरबी या दोन वेगळ्या ऊती आहेत, एकीची दुसरी होत नाही. मेहनत थांबते आणि खुराक तेवढाच राहतो म्हणून पोट सुटते. राहता राहिल्या बायका. त्यांच्या अंगी टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानाने फार थोडे असते, त्यामुळे आठवड्यातल्या दोन-तीन दिवसांच्या व्यायामाने दंड पैलवानासारखे होत नाहीत. पाण्याचे हंडे डोक्यावर एकावर एक रचून पिढ्यानपिढ्या बायका चालल्या, तेव्हा कोणालाही त्या पुरुषी वाटल्या नाहीत. भार त्यांनी स्वतःच्या प्रकृतीसाठी उचलला की मात्र सौंदर्याची काळजी सुरू होते. ही काळजी खरी नाही.

वयाचा आक्षेप सर्वांत घातक, कारण तो काळजीच्या सुरात घरोघर सांगितला जातो आणि माणसे तो मानतात. वय वाढते तसे जोरकस, झटपट काम करणारे तंतू आधी झिजतात. तोल गेला की पाऊल पटकन टाकून सावरायचे काम याच तंतूंचे. चालण्याने हृदयाला फायदा होतो, पण हे तंतू चालताना फारसे वापरलेच जात नाहीत. १९९० मध्ये बॉस्टनमधल्या वृद्धाश्रमातील ८६ ते ९६ वर्षांच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा भारी व्यायाम करून घेतला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ऑस्ट्रेलियात हाडे ठिसूळ होऊ लागलेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, तज्ज्ञांच्या नजरेखाली डेडलिफ्ट आणि स्क्वॉट केले, तेही जेमतेम पाच वेळा निघेल इतक्या वजनाने. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता वाढली. घरच्या घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली.

ज्या साठीच्या बाईंना बारला हात लावू नका असे बजावले जाते, त्या भरलेला गॅस सिलिंडर घरात सरकवतात आणि वेळ पडली तर उचलतातही. त्यात १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढीच टाकी, म्हणजे सुमारे ३० किलो भार. तो उचलताना पाठ कमानीसारखी वाकते आणि कंबर धरते. डेडलिफ्ट शिकवताना नेमके हेच सुधारले जाते: बार पावलांच्या मध्यावर, नडग्यांना लगटून; नितंब मागे, गुडघे किंचित दुमडलेले; पोटात श्वास भरून पाठ सपाट; मग पायांनी जमीन दाबत उठायचे. घरातला भार टळत नाही. तो शिकून उचलायचा की न शिकता, एवढाच निर्णय हाती असतो.

करायचे ते थोडे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचा व्यायाम करावा. पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकद यांसाठी तीन दिवस द्यावेत. बसून उठणे, जमिनीवरून उचलणे, ढकलणे, ओढणे आणि हातात भार घेऊन चालणे, एवढ्या हालचाली पुरतात. आठ ते बारा वेळा नीट निघेल असे वजन घ्यावे. बारा सहज निघू लागले की थोडे वाढवावे, आणि त्याच स्नायूंना मध्ये एक दिवस विश्रांती द्यावी. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे आणि श्वास कोंडून धरू नये. खुराकात प्रथिने हवीत: मेहनत करणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.६ ग्रॅमपर्यंत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ९६ ग्रॅम. भात आणि पातळ आमटीतून ती मिळत नाहीत. उसळ, दूध, अंडी, सोयाबीन किंवा मासे ताटात वाढवावे लागतात.

व्यायामशाळा चालवणाऱ्यांनीही एक करावे. पुरुषांचा प्रमाणित बार २० किलोचा आणि स्त्रियांचा १५ किलोचा असतो. साठीच्या नवशिक्या बाईंना रिकामा बारही डोक्यावर जात नाही आणि त्या पहिल्याच दिवशी परत फिरतात. त्यांच्यासाठी पाच-सात किलोचा बार आणि सव्वा किलोच्या चकत्या दाराजवळच्या रॅकवर, हाताशी येतील अशा ठेवाव्यात.