चप्पल घालून फ्रीज उघडायचा?

गेल्या पावसाळ्यात वाशीम-रिसोड रस्त्यावरच्या एका छोट्या हॉटेलात चहा घेत बसलो होतो. मालक नव्या मुलाला काम समजावून सांगत होते. कपबशा कुठे ठेवायच्या, उधारी कोणाला द्यायची नाही आणि शेवटी, "फ्रीज उघडताना चप्पल घालत जा बेटा, थोडा झटका मारतो." आम्ही चार गिऱ्हाईक हसलो. इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला मीही हसलो. लाज वाटली ती घरी आल्यावर.

फ्रीजच्या पत्र्यात वीज उतरते, हे त्या हॉटेलात सर्वांना माहीत होते. त्यावरचा उपाय होता चप्पल! फरशी ओली, हात ओले, आणि अंगावर 230 व्होल्ट.

मालकांना विचारले तर म्हणाले, "एमसीबी लावला आहे ना." हा गैरसमज घरोघरी आहे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 16 अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाह गेला तरच पडतो. माणसाचा जीव जायला त्याचा छोटासा अंशही पुरतो. माणसासाठी वेगळे उपकरण असते, आरसीसीबी. 30 मिलिअँपिअर, म्हणजे 0.03 अँपिअर वीज गळताच ते पुरवठा तोडते. त्यावर तपासणीचे बटणही असते. किती हॉटेलांत ते बटण कधी दाबले गेले असेल?

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे प्रोग्राममध्ये दोन ओळी वाढवल्या तरी तपासल्याशिवाय पुढे जात नाही. हॉटेलात मात्र नवीन जोडणी घेताना कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट दिला की विषय संपतो. नंतर त्याच वायरवर डीप फ्रीजर येतो, मिक्सर येतो, भट्टीचा ब्लोअर येतो. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. आर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातले नाही, तर आर्थिंग नावापुरतेच उरते.

ब्रिटनमध्ये पब आणि रेस्टॉरंटची वायरिंग जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासून घ्यावी, असा तिथला प्रघात आहे. विमा कंपन्याही तो अहवाल मागतात. आपल्याकडे विद्युत निरीक्षकांचे कार्यालय आहे, परवानाधारक कंत्राटदार आहेत, केंद्रीय नियमांत ठरावीक मुदतीने तपासणीची तरतूदही आहे. विद्युत अधिनियम 2003 चे कलम 54 तर असे सांगते की, जिथे शंभर किंवा अधिक लोक जमतात, तिथे 250 वॉट आणि 100 व्होल्टपेक्षा जास्त वीज वापरण्यापूर्वी विद्युत निरीक्षक आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांना सात दिवस आधी लेखी कळवावे. उरूस, जत्रा आणि रमजानच्या रात्रीच्या बाजारातले स्टॉल आठवा. खांबावर आकडा, उघडे जोड आणि खाली सांडलेले पाणी!

नियम कागदावर राहिले की काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. 16 ऑक्टोबर 2015 रोजी कुर्ल्यातील सिटी किनारा हॉटेलच्या आगीत आठ जण गेले. 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलमधील रेस्टॉरंटच्या आगीत चौदा जण गेले. दोन्ही आगींची कारणे वायरिंगची होती, असे मी म्हणत नाही. पण दोन्ही वेळा नियमांची चर्चा जनाजे आणि अंत्ययात्रा निघाल्यानंतर झाली. आपल्या तालुक्यात एखादा कामगार फ्रीजला चिकटून गेला, तर तेवढीही चर्चा होणार नाही.

आणि हे कामगार कोण आहेत? आपल्याच मोहल्ल्यातली मुले. त्यांची आई सकाळी विश्वासाने त्यांना मालकाच्या हवाली करते. ती अमानत आहे. मालक वाईट नसतात. त्यांचीही कमाई तुटपुंजी असते. म्हणूनच हे काम एकट्याने नको.

आमचे म्हणणे साधे आहे. वाशीम, कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा येथील हॉटेलवाल्यांनी दहा-दहांचा गट करून एक परवानाधारक कंत्राटदार बोलवावा. मृगाच्या आधी मेगरने वायरिंग, मग आर्थिंग, मग आरसीसीबी तपासून घ्यावा. एका हॉटेलाला एक दुपार पुरते. खर्च वाटून घेतला तर कोणालाही जड जाणार नाही. नगरपरिषदेने परवाना नूतनीकरणाच्या वेळी हा अहवाल मागावा. मोहल्ला कमिट्यांनी पहिली बैठक बोलवावी. आणि आपण गिऱ्हाइकांनी झटक्याच्या गोष्टीवर हसणे सोडावे.

परवा पुन्हा त्या हॉटेलात गेलो. "वायरमनला सांगितले आहे," मालक म्हणाले. चप्पल अजून फ्रीजसमोरच आहे. पुढच्या आठवड्यात मी वायरमनला सोबत घेऊनच जाणार आहे. तुम्ही तुमच्या चहाच्या हॉटेलात कधी विचारणार?