बियाणे तिच्या गाडग्यात, सातबारा कुणाच्या नावावर?

मळणीआधीच टपोरी कणसे बाजूला काढायची, मूग-मटकीचे बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचे, धान्यात कडुलिंबाचा पाला घालायचा. हलक्या रानात बाजरी-हुलगा, भारी रानात ज्वारी-करडई. बीड जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतीत ही जपणूक मुख्यतः बायांनीच केली. आज त्याला 'पारंपरिक ज्ञान' म्हणतात, आणि शाश्वत विकासाच्या शिबिरांत त्यावर एक तास ठेवतात.

पण हे ज्ञान असलेली बाई सुगीच्या दिवसांत असते कुठे? दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून लाखो माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, ती उन्हाळ्यातच परततात. गावाकडे ज्वारी हुरड्यात येते, बियाण्याची कणसे निवडायची वेळ होते, तेव्हा ती कारखान्याच्या फडात मोळ्या बांधत असते. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती, सातबारावर नावही त्याचेच. २०१९ सालच्या सरकारी पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. जिला स्वतःच्या शरीराबद्दलही कुणी नीट विचारत नाही, तिला बियाण्याबद्दल कोण विचारणार?

तेव्हा हे ज्ञान बायांच्या विसराळूपणाने लोपत नाही. त्याला लागणारी जमीन, वेळ आणि निर्णयाचा हक्क हिरावला जातो, म्हणून ते लोपते.

१९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात उभ्या राहिलेल्या 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेने वेगळी वाट धरली. घरच्या रानातला एखादा एकर बाईच्या निर्णयाने कसायचा, त्यात आधी घरच्या ताटातले पिकवायचे: ज्वारी, डाळी, भाजीपाला. २०१७ साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. वाट मोलाची आहे. पण घरच्यांकडून मागून घेतलेला एकर उद्या परतही मागितला जाऊ शकतो.

मैत्रिणींनो, यातून आपणही सुटत नाही. आपण तक्ते घेऊन शिकवायला जातो, तिचे ऐकून टिपणे काढतो, अहवाल छापतो. जमिनीचा विषय मात्र 'घरातला' म्हणून टाळतो. यापुढे क्रम बदलू या. बैठका ती गावी असते त्या उन्हाळ्यात घेऊ. बियाणे बँकेच्या पहिल्याच बैठकीत सातबारावर तिचे नाव लावण्याचा अर्जही भरू. तिच्या ज्ञानाचा गौरव पुरे झाला. आता त्या ज्ञानाला पाय रोवायला जमीन हवी.