मांजरीच्या पिसवांवर पिकाचे औषध नको



धान्याची कणगी उंदरांपासून राखणाऱ्या मांजरीबद्दल आज चार शब्द सांगायचे आहेत. परवा एका वस्तीवर गेलो, तर ओसरीवर मांजर सारखी अंग चाटत, ओरबाडत बसलेली. शेपटीच्या बुडाशी केस गेलेले, मानेवर बारीक खपल्या. आजी म्हणाल्या, "साहेब, हिला खरूज झाली बघा." नातू कपाशीवर मारायचे औषध पाण्यात कालवून आणत होता. मी त्याला जागीच थांबवले. अंगावर पडलेले औषध मांजर चाटते, ते तिच्या पोटात जाते आणि जीव जातो.

ती खरूज नव्हती, पिसवा होत्या. आजी म्हणाल्या, "पण एकही पिसू दिसत नाही!" खरे आहे. मांजर अंग चाटताना पिसवा गिळून टाकते. म्हणून बारीक दातांच्या फणीने तिची पाठ विंचरावी आणि निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवावेत. भोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त समजावे.

पिसू चावते तेव्हा तिची लाळ कातडीत जाते. काही मांजरांना ती सोसत नाही. अशांना दोन-चार चावेही पुरतात, सारे अंग खाजू लागते.

आता उपाय. मांजरीच्या अंगावर दिसतात त्या पिसवा थोड्या; अंडी आणि अळ्या गोणपाटात, गोधडीत, जमिनीच्या भेगांत असतात. कोषातली पिसू तर कित्येक महिने दबा धरून बसते. म्हणून मांजरीचे अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. भेगा लिंपून घ्या. कानाकोपरा रोज झाडून केर जाळा. फणीत आलेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा. हे महिना-दोन महिने नेटाने करावे लागते.

औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून, मांजरीचे वजन सांगूनच घ्या. घरात कुत्रा असेल, तर त्यालाही त्याचे वेगळे औषध त्याच वेळी द्या. कुत्र्याचे औषध मात्र मांजरीला कधीही लावू नका. त्यात परमेथ्रिन असले, तर मांजरीला झटके येऊन ती दगावते. रॉकेल आणि फिनेलही वर्ज्य. लहान पिलांना नुसती फणी फिरवा. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर ते पिसवांमधून आलेले जंत. तेही डॉक्टरांना सांगा.

केस गोल चट्ट्यांनी जात असतील, तर तो नायटा असू शकतो. तो मुलांनाही लागतो. तेव्हा अंदाजाने काही न लावता मांजर दवाखान्यात न्यावी.

आणि एक सांगणे: फवारणीची औषधे कुलपात ठेवा. त्या दिवशी बाटली नातवाच्या हाताशी होती, याचीच मला जास्त काळजी वाटली.