आधी मशीनला आंघोळ घाला!

सगळ्या घराचे कपडे धुणारं वॉशिंग मशीन स्वतः मात्र वर्षानुवर्षं पारोसंच असतं, हे कधी लक्षात आलंय? शनिवारी दुपारी आठवड्याचे कपडे कोंबायचे, बटण दाबायचं आणि सोफ्यावर आडवं व्हायचं, एवढंच काय ते आपलं नातं! मग सोमवारच्या प्रेझेंटेशनला पांढऱ्या शर्टावर राखाडी ठिपके दिसले, की शिव्या खातो तो डिटर्जंट.

तर दोस्तहो, या वीकेंडला मशीनच्या आत डोकावून बघा. आणि लगेच 'काहीतरी स्ट्राँग' ओतू नका. डाग कसला आहे, ते आधी ओळखा.

पांढरा, खरखरीत थर : हे पाण्यातले क्षार. टँकर आणि बोअरचं पाणी ज्यांच्या नशिबी, त्यांच्या ड्रमवर कॅल्शियम-मॅग्नेशियमचं पुटं चढतंच. क्षारांना उतारा आम्लाचा. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजेच सायट्रिक अ‍ॅसिड, साधारण १०० ग्रॅम रिकाम्या ड्रममध्ये टाका आणि ६० अंशांवर एक सायकल चालवा. मशीनला हीटर नसेल तर गीझरचं गरम पाणी भरून अर्धा तास तसंच ठेवा. व्हिनेगरही चालतं, पण वारंवार वापरलं तर रबर खराब होतं.

काळे ठिपके : फ्रंट लोडच्या दाराचं रबर जरा ओढून बघा. घडीत दिसतेय ती बुरशी. हातमोजे घाला, पाण्यात पातळ केलेल्या ब्लीचमध्ये फडकं बुडवून रबरावर दहा मिनिटं ठेवा, पुसा आणि नुसत्या पाण्याची एक सायकल चालवा. नंतर रोजचा नियम एकच, धुणं झालं की दार उघडं ठेवायचं.

राखाडी, चिकट थर : शर्टावरच्या ठिपक्यांमागे बऱ्याचदा हाच असतो. सर्व्हिसिंगला आलेल्या काकांनी माझा डिटर्जंटचा ट्रे बघून एकच वाक्य ऐकवलं, "मॅडम, पावडर निम्मी करा, मशीन डबल चालेल!" जास्त पावडर आणि सॉफ्टनर थंड पाण्यात नीट विरघळत नाहीत, थर धरतात. ट्रे काढून जुन्या टूथब्रशने घासा, खालचा फिल्टर साफ करा आणि महिन्यातून एकदा गरम पाण्याची रिकामी सायकल चालवा.

शाईचे डाग : खिशात बॉलपेन राहिलं? प्लग काढा, खिडकी उघडा, कापसावर थोडं स्पिरिट घेऊन ड्रम पुसा. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे ते पूर्ण उडून गेल्यावरच मशीन सुरू करा. पहिल्या धुण्याला जुनी फडकी टाका, शर्ट नको.

इस्त्रीला चिकटलेलं पॉलिएस्टर : प्लग काढून इस्त्री गार होऊ द्या. मग खायच्या सोड्यात थोडं पाणी कालवून मऊ कापडाने हलकेच घासा. तारेची घासणी लावलीत तर नॉनस्टिकचा थर गेलाच म्हणून समजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. क्षारही आहेत, बुरशीही आहे, मग लिंबूसत्व आणि ब्लीच एकदमच टाकलं तर? अजिबात नाही! ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. व्हिनेगर आणि टॉयलेट क्लीनरलाही हाच नियम. आपल्या वन बीएचकेमध्ये मशीन असतं बाथरूममध्ये, तिथे खिडकी म्हणजे वीतभर झरोका. म्हणून आज एक, पुढच्या वीकेंडला दुसरं आणि मध्ये साध्या पाण्याची सायकल. चुकून मिसळलंच आणि डोळे चुरचुरले, ठसका लागला, तर साफ करत बसू नका. तडक मोकळ्या हवेत या आणि त्रास थांबला नाही तर डॉक्टर गाठा.

शर्ट काय, नवा घेता येतो. फुप्फुसं सेलमध्ये मिळत नाहीत, बॉस!